ब्रिटनमधील घरगुती बिअर आणि स्वस्त दुकाने

ब्रिटनमध्ये १८८० साली पंतप्रधान ग्लॅडस्टन यांनी माल्टवरचा कर काढून तो बिअरवर बसवला आणि घरी बिअर बनवणाऱ्यांनाही परवान्याच्या कक्षेत आणले. ही अट अर्थमंत्री रेजिनाल्ड मॉडलिंग यांनी १९६३ मध्ये रद्द केली. विकायची नसेल तर बिअर खुशाल बनवा, असा त्याचा अर्थ. पुढे बूट्ससारख्या औषधांच्या दुकानांतही माल्ट अर्काचे डबे, यीस्ट आणि हॉप्स मिळू लागले. चव यथातथाच, पण खर्च पबच्या मानाने नगण्य.

१९९० मध्ये आल्डी आणि १९९४ मध्ये लिडल ही जर्मन दुकाने ब्रिटनमध्ये आली. काटकसरी हौशी मंडळींना तिथला सफरचंदाचा खोकेबंद रस चांगलाच मानवला. साडेचार लिटरच्या काचेच्या बरणीत रस ओतायचा, यीस्ट घालायचे, तोंडाला वायू बाहेर सोडणारी, पण हवा आत न घेणारी झडप बसवायची. दोनेक आठवड्यांत सायडर तयार. खरी मेख खोक्यावरच्या बारीक अक्षरांत असते. रसात पोटॅशियम सॉर्बेट असेल तर यीस्टची वाढ खुंटते. क जीवनसत्त्व असले तर बिघडत नाही. साखर याच दुकानांतली आणि सायडर भरायला सोड्याच्या रिकाम्या प्लास्टिक बाटल्याही तिथल्याच. बिअर-सायडरला मोकळीक असली, तरी परवान्याशिवाय घरी दारू गाळणे ब्रिटनमध्ये आजही गुन्हाच आहे.