गावाची मोकळी जागा

धाराशिव जिल्ह्याचा इतिहास सांगावयाचा म्हटला की वक्ता नळदुर्गाच्या तटाकडे, परांड्याच्या बुरुजाकडे, नाहीतर तुळजाभवानीच्या देवळाकडे वळतो. त्यात गैर काही नाही. परंतु आज ज्या जागेविषयी बोलावयाचे आहे तेथे बुरूज नाही की शिलालेख नाही. एखादी बाभळ आणि चार शेरडे एवढाच तेथला ऐवज. ती जागा म्हणजे गावाची मोकळी जमीन.

आपल्या वाडवडिलांनी गावच्या भूमीचे दोन भाग मानले होते. पिकाची ती काळी आणि वस्तीची ती पांढरी. पांढरीभोवती गावकूस, कुसाला वेस, आत चावडी, पार आणि आड. घरे दगडमातीची, माळवदाला माळवद लागलेली. ही दाटी नुसत्या दरोडेखोरांच्या भयाने झाली नव्हती. काळीचा तुकडा वस्तीखाली घालवणे शेतकऱ्याच्या जिवावर येई. वस्ती अशी आवरून बसल्यामुळेच तिच्याबाहेर खळी, गायरान, बाजारतळ आणि स्मशान यांना ऐसपैस जागा राहिली. हे चित्र कोणास फार रम्य वाटू लागले असेल, तर महारवाडा आणि मांगवाडा कुसाबाहेर होता, हेही त्याच चित्रात पाहावे.

निजामाच्या राज्यात पहिल्या सालारजंगांनी १८६५ साली जिल्हाबंदी केली. पुढे मोजणी आणि जमाबंदी झाली, जमिनीला नंबर पडले. पूर्वी जे वहिवाटीने गावचे होते ते आता दप्तरात सरकारचे, पण गावाच्या वापरासाठी राखलेले, असे झाले. १९४८ साली संस्थान विलीन झाले, १९५६ साली मराठवाडा मुंबई राज्यात आला, राज्ये बदलली. दप्तराची ही रीत मात्र टिकली. महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम १९६६ सालचा. तो १५ ऑगस्ट १९६७ पासून अमलात आला. त्याचे २२ वे कलम एकदा वाचून पाहण्याजोगे आहे. गुरांची मोफत चराई, सरपणाचे राखीव रान, दहनदफनभूमी, गावठाण, तळाची जागा, मळणीचे खळे, बाजार, कातडी सोलण्याची जागा, इतक्या कामांसाठी जमीन नेमून देता येते आणि कलेक्टरच्या मंजुरीवाचून तिचा दुसरा वापर करता येत नाही. कायद्याच्या रुक्ष भाषेत लिहिलेले हे एका जुन्या गावाचे वर्णनच आहे.

पण गायरान कोणासाठी राखावयाचे? ज्याच्या दावणीला गुरे आहेत त्याला गायरान हवे. ज्याच्यापाशी गुरेही नाहीत आणि जमीनही नाही, त्याने त्या गवताकडे काय म्हणून पाहावे? कुसाबाहेरच्या माणसाने हा प्रश्न विचारला तो मराठवाड्यातच. पडीक सरकारी जमीन भूमिहीनांना द्यावी म्हणून १९५३ साली येथे सत्याग्रह झाला. १९५९ साली दादासाहेब गायकवाडांनी तो महाराष्ट्रभर नेला, आणि १९६४-६५ साली तो देशभर पसरला. गायरानावर नांगर घातलेल्यांना 'अतिक्रमणदार' हे नाव मिळाले. पुढे शासनाने १४ एप्रिल १९९० पर्यंतची अशी शेतीची अतिक्रमणे नियमित करण्याचे ठरविले. ही तारीख आंबेडकर जयंतीची, हे सांगावयास नकोच. २८ जानेवारी २०११ रोजी सर्वोच्च न्यायालयाने, गावाच्या सार्वजनिक जमिनी मोकळ्या करून गावाला परत द्याव्यात, असा निकाल दिला. भूमिहीनांना अगर अनुसूचित जातिजमातींना दिलेल्या जमिनींसारखे मोजके अपवाद मात्र त्याने मान्य केले. माझ्या मते निकालातली खरी सुज्ञता त्या अपवादातच आहे. बंगल्याचे कुंपण आणि भाकरीपुरता नांगर ही एकाच मापाने मोजावयाची नसतात.

आता ३० सप्टेंबर १९९३ कडे येऊ. पहाटे चारच्या सुमारास धरणी हलली आणि माळवदाखाली हजारो माणसे गेली. लातूर जिल्ह्यातील किल्लारीचे नाव जगाला कळले. आपल्या जिल्ह्यातील सास्तूर, राजेगाव, होळी यांचे दुःख त्याहून उणे नव्हते. पन्नासच्या आसपास गावे नव्या जागी वसवावयाची ठरली. कोऱ्या कागदावर गाव आखण्याचा असा प्रसंग आपल्या भागात पूर्वी आला नव्हता. घर जमिनीच्या मानाने मिळाले: भूमिहीन आणि एक हेक्टरपर्यंतच्या शेतकऱ्यास २५० चौरस फूट, सात हेक्टरपर्यंत ४००, त्याहून अधिकास ७५०. काटकोनात रुंद रस्ते, सुटे सुटे भूखंड, मधून मधून सार्वजनिक जागा. पडत्या भिंतीचे भय ज्याने पाहिले तो सुटे घर मागणार, आणि त्याला दोष कोण देईल? परंतु नवे गाव जुन्याच्या कितीतरी पट पसरले, आणि ती जमीन काळीतूनच आली. जुन्या गावात शेजारणीला माळवदावरून हाक देता येई. नव्या आखणीत मोजमापाप्रमाणे आळ्या पडल्या आणि शेजार विखुरला. पाराला मात्र नकाशात चौकोन काढून भागत नाही. त्याला झाड लागते, सावली लागते आणि तेथून रोज जाणारी वाट लागते.

आज तिसरी आखणी चालू आहे, आणि तिला ना भूकंपाचे निमित्त आहे ना सत्याग्रहाचे. सोलापूरकडून येणाऱ्या हमरस्त्याने गावाशेजारच्या रानातून जावे, तर चुन्याच्या रेघा आणि सिमेंटच्या खुंट्या दिसतात. गुंठा म्हणजे १०८९ चौरस फूट, एकराचा चाळिसावा भाग. एवढ्यात एक घर बसते. मोठ्या मंजूर रेखांकनात साधारण दहा टक्के जागा खुली सोडावी लागते. पण शेताचे तुकडे परस्पर गुंठ्यांनी विकले, तर खुली जागा सोडणार कोण? २००१ साली राज्याला अशा वसाहती नियमित करण्यासाठी गुंठेवारीचा स्वतंत्र कायदा करावा लागला. घरे नियमित झाली. पण जी जागा कोणी सोडलीच नाही, ती कायद्याने तरी कोठून आणावी?

गायरानाचा गट नंबर तलाठ्याच्या दप्तरात असतो आणि सातबारा कोणासही मागता येतो. २२ व्या कलमाखाली आपल्या गावात काय काय नेमून दिले होते आणि त्यांपैकी कोणती जागा अद्याप त्या कामी येते, हे पाहावयास एक दुपार पुरते. ग्रामसभेच्या आदल्या दिवशी तो उतारा काढावा.