काकांचा अर्ज

चोर्ला घाट चढून बेळगावला जाणे आम्हा गोंयकारांना नवे नाही. आमची भाजी तिथून येते, लग्नाची खरेदी तिथे होते, आणि निम्म्या घरांतून एखादी मावशी-आत्या तिकडे दिलेली असते. माझी मावशी कंग्राळी बुद्रुकला. बेळगावात कुणी ‘बुद्रुक’ म्हणत नाही बरं का, ‘कंग्राळी बी.के.’ म्हणतात. शेजारची खुर्द ती ‘के.एच.’. बुद्रुक आणि खुर्द हे शब्द फारसीतून आलेले, त्यांची आद्याक्षरे इंग्रजी, आणि भांडण मात्र मराठी-कानडीचे!

हे भांडण मला पहिल्यांदा नीट कळले ते मावशीच्या यजमानांमुळे. आम्ही त्यांना काकाच म्हणतो. एका 1 नोव्हेंबरला मी तिथे होतो. शहरात एकीकडे राज्योत्सवाचे लाल-पिवळे झेंडे, दुसरीकडे काळ्या दिवसाची सायकल फेरी. फेरीहून परत आल्यावर काका चहा घेताना मला म्हणाले, “तुम्हा गोव्यावाल्यांना निदान विचारलं तरी. आम्हाला कुणी विचारलं रे?”

त्याला माझ्याकडे उत्तर नव्हते, आजही नाही.

1967 हे साल घ्या. 16 जानेवारीला गोव्यात जनमत कौल झाला. महाराष्ट्रात विलीन व्हायचे असेल तर फूल, नको असेल तर दोन पाने. विलीनीकरणाविरुद्ध 1,72,191 मते पडली, बाजूने 1,38,170. आमचे आजोबा फुलावाले. शेवटपर्यंत हळहळले, पण मोजणी खोटी होती असे त्यांच्या तोंडून मी कधी ऐकले नाही. त्यामागे एक गोष्ट आहे, ती आपण मराठीवाले फारशी सांगत नाही. कौलाआधी भाऊसाहेब बांदोडकरांच्या सरकारने डिसेंबर 1966 मध्ये राजीनामा दिला होता. विलीनीकरणाचा पुरस्कर्ता पक्षच सत्तेवर असेल तर कौल निःपक्ष कसा होणार, हा विरोधकांचा आक्षेप होता, आणि तो मानला गेला. हरलेल्या बाजूला निकाल गिळता आला त्याचे मोठे कारण मला तरी हेच वाटते.

आणि त्याच वर्षी, ऑगस्टमध्ये, महाजन आयोगाचा अहवाल आला. 1956 च्या राज्य पुनर्रचनेत चंदगड वगळता बेळगाव जिल्हा तेव्हाच्या म्हैसूर राज्याला गेला, तिथपासूनचा हा तंटा. 1960 ची दोन्ही राज्यांची चौघांची समिती एकमतावर आली नाही. 1966 मध्ये सेनापती बापटांनी उपोषण केले आणि केंद्राने माजी सरन्यायाधीश मेहेरचंद महाजन यांचा एकसदस्य आयोग नेमला. त्यांनी निपाणी, खानापूर, नंदगडसह 264 गावे महाराष्ट्राला आणि 247 गावे म्हैसूरला द्यावीत असे सुचवले. बेळगाव शहर होते तिथेच ठेवले. महाराष्ट्राने अहवाल नाकारला, कर्नाटक आजही तो अंतिम मानते. 2004 मध्ये महाराष्ट्राने सर्वोच्च न्यायालयात दावा लावला.

आयोग महाराष्ट्रानेच मागितला आणि निकाल विरुद्ध गेल्यावर फिरवला, हा कर्नाटकाचा टोला झोंबतो, कारण तो अगदीच खोटा नाही. पण मी कारकून माणूस. नियम आधी लिहून न ठेवता अर्ज निकाली काढला की काय होते ते रोज बघतो. आंध्र-मद्रासच्या तंट्यात पाटसकरांनी गाव हा घटक, भाषिक बहुसंख्या आणि भौगोलिक सलगता ही मोजपट्टी धरली होती. महाजनांच्या हाती अशी ठरलेली मोजपट्टी दिलीच नव्हती.

मात्र मोजपट्टी मागायची तर ती आपल्यालाही लागू होते. बेळगावात 1946 साली साहित्य संमेलनात संयुक्त महाराष्ट्राचा ठराव झाला, हे आपण अभिमानाने सांगतो. त्याच गावात 1924 साली, गांधीजी अध्यक्ष असलेल्या काँग्रेस अधिवेशनाच्या वेळीच, कर्नाटक एकीकरणाची परिषद भरली होती, हे आपण गाळतो. (कानडी लेखक नेमके उलटे करतात.) 2022 मध्ये कर्नाटकाच्या मुख्यमंत्र्यांनी जत तालुक्यातल्या गावांवर हक्क सांगितला तेव्हा आपण खवळलो. पण जत, अक्कलकोटकडे कानडी घरे आहेतच.

आणि गोव्यातले आमचे काय? माणूस सांगेल ती त्याची मातृभाषा, हे आम्ही बेळगावसाठी म्हणतो. घरी मात्र कोकणी शेजाऱ्याला “तुझी ती मराठीची बोली” असे वर्षानुवर्षे ऐकवले. 1975 मध्ये साहित्य अकादमीने कोकणीला स्वतंत्र भाषा मानले, तरी ऐकवतच राहिलो. 1987 च्या कायद्याने कोकणी राजभाषा झाली आणि मराठीलाही सरकारी वापरात जागा राहिली. त्या जागेसाठी भांडताना आम्हाला अल्पसंख्याकांचे हक्क बरोबर आठवतात. डेन्मार्क आणि पश्चिम जर्मनी यांनी 1955 मध्ये आपापल्या अल्पसंख्याकांसाठी जाहीर केले होते की, मी अमुक समाजाचा असे माणूस म्हणाला तर सरकारी अधिकाऱ्याने ते तपासायचे नाही. सीमा 1920 च्या मतदानाने ठरली होती, ती कुणी हलवली नाही. आम्ही मात्र अधिकारी नसतानाही शेजाऱ्याची भाषा तपासत बसलो.

हे सगळे काकांपुढे बोलायचे धाडस मला बरीच वर्षे झाले नाही. मागच्या खेपेस त्यांनी एका कचेरीची नोटीस पुढे टाकली. सगळी कानडीत. काकांना कानडी वाचता येते, पण मुद्दा तो नव्हता. जिथे अल्पसंख्य भाषिक 15 टक्के किंवा अधिक, तिथे सूचना त्यांच्या भाषेतही द्याव्यात, असे केंद्राचे 1956 पासूनचे धोरण आहे. भाषिक अल्पसंख्याकांच्या आयुक्तांना अर्ज करायचा होता. “तू सरकारी माणूस, तूच लिही.”

ते सांगत गेले, मी लिहीत गेलो. मध्येच विचारले, “काका, हाच अर्ज उद्या अक्कलकोटच्या कानडी माणसानं सोलापूरच्या कचेरीत दिला तर?”

काकांनी चष्मा काढून धोतराला पुसला. आतून मावशीने कुंद्याचा पुडा आणून माझ्या पिशवीत ठेवला, तोवर ते गप्पच होते.

“मिळायलाच पाहिजे की त्याला,” म्हणाले. “घे, पुढं लिही.”