सुई, धग आणि आंतड्यांचा दाह

ऑगस्ट १९४२ पासून मार्च १९४५ पर्यंत पंडित जवाहरलाल नेहरू अहमदनगरच्या भुईकोट किल्ल्यांत स्थानबद्ध होते. याच अवधींत, ९ डिसेंबर १९४२ रोजीं, सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस यांचें उत्तर चीनमध्यें अवघ्या बत्तिसाव्या वर्षीं देहावसान झालें. चिनी सेनापति चू तेह यांनीं १९३७ सालीं नेहरूंकडे वैद्यकीय साहाय्य मागितलें होतें. १९३८ सालीं राष्ट्रसभेनें पांच डॉक्टरांचें पथक धाडिलें, त्यांतलेच हे कोटणीस. हे डॉक्टर तेथें जखमी सैनिकांच्या शुश्रूषेस गेले होते, सुया टोंचण्याची विद्या शिकण्यास नव्हे. परंतु पथकांतले डॉ. विजयकुमार बसू पुढें पुन्हा चीनला गेले, ती विद्या शिकले, आणि १९५९ पासून कलकत्त्यास तिचा उपयोग करूं लागले.

या विद्येचीं अंगें दोन. एकांत शरीरावरील ठराविक स्थानीं केसासारख्या बारीक सुया टोंचतात. दुसऱ्यांत दवण्याच्या जातीच्या वनस्पतीचा वाळलेला पाला कुटून त्याची कांडी करितात, ती पेटवून त्वचेजवळ धरितात व ऊब देतात. पोटाच्या विकारांत नाभीच्या दोन्ही बाजूंचीं आणि गुडघ्याखालचें स्थान विशेष मानलेलें आहे.

नगर जिल्ह्यांतल्या मनुष्यास ही धग अगदींच परकी वाटूं नये. सुश्रुतानें अग्निकर्मावर स्वतंत्र अध्याय लिहिला, आणि तें शास्त्र शिकविणारें आयुर्वेद महाविद्यालय नगरास १९१७ पासून आहे. परंतु शास्त्र वेगळें आणि चाल वेगळी. पोट दुखूं लागलें कीं तापल्या सळईनें डाग देण्याची चाल महाराष्ट्रांत होती. मेळघाटांत तर तान्ह्या लेकरांच्या पोटावरही असे चटके दिले गेले. त्यानें कातडी जळते, जखम चिघळते, आणि दुखण्याचें मूळ पोटांत तसेंच राहतें.

आंतड्यांचा जुनाट दाह हें असेंच खोल मूळ असलेलें दुखणें होय. त्यांत शरीराची संरक्षक शक्तीच आंतड्यांवर उलटते. मुरडा, जुलाब, रक्त पडणें आणि क्षीणता हीं त्याचीं लक्षणें. बृहदांत्रांतील व्रणांचा दाह आणि क्रोनचा रोग हे त्याचे दोन मुख्य प्रकार. जर्मनींत व्रणदाहाच्या २९ रोग्यांवर सुई व धग या दोहोंचा प्रयोग होऊन तो २००६ सालीं प्रसिद्ध झाला. रोगाचा जोर खऱ्या उपचारानें अधिक उतरला. मात्र जीवनांतील स्वास्थ्य खोट्या सुया टोंचलेल्या रोग्यांतही वाढलें. २०२२ सालीं प्रसिद्ध झालेल्या चीनमधील प्रयोगांत क्रोनच्या ६६ रोग्यांपैकीं खरा उपचार घेतलेल्यांत अधिक जणांचा रोग शमला. २०२१ मध्यें उंदरांवरील संशोधनांत असें दिसलें कीं, पायावरील त्या स्थानास विजेनें उत्तेजन दिल्यास मज्जातंतूंच्या द्वारें दाह उतरतो.

हे प्रयोग लहान आहेत. त्यांवरून औषधें टाकून देण्याचा सल्ला कोणीही देऊं नये. शिवाय आपल्या देशांत आंतड्यांचा क्षय क्रोनच्या रोगासारखाच भासतो, आणि दोहोंची औषधें भिन्न. म्हणून रक्त पडूं लागल्यास आधीं डॉक्टरांकडून दुर्बिणीनें तपासणी, मग औषध, आणि त्यास जोड म्हणून निर्जंतुक सुई व सौम्य धग, हाच क्रम योग्य. तान्ह्या लेकराच्या पोटावर उमटलेला डाग या क्रमाचें महत्त्व पुरतें सांगतो.