कॅप्टन नेमोची शकावली

शिवछत्रपतींचा जन्म शके १५४९ चा कीं शके १५५१ चा, या वादाला जेधे शकावलीनें निराळें वळण दिलें. लोकमान्य टिळकांनीं ती १९१६ सालीं प्रकाशांत आणली, तेव्हां बखरींतील ठोकळ वर्षांपेक्षां मितिवार नोंद अधिक विश्वसनीय, हें पुष्कळांस पटलें. हीच कसोटी एका कल्पित पुरुषास लावून पाहण्याचा मोह मला आवरत नाहीं. हा पुरुष म्हणजे फ्रेंच कादंबरीकार ज्यूल व्हर्न याचा कॅप्टन नेमो. भा. रा. भागवतांच्या अनुवादांमुळें व्हर्न आपल्या मुलांना परका नाहीं. आणि नेमो तर अखेरीस बुंदेलखंडचा राजपुत्र डक्कार निघतो!

ग्रँट कप्तानाच्या मुलांची कथा, समुद्रतळावरील प्रवासाची कथा आणि गूढ बेटाची कथा, या तीन कादंबऱ्या एकमेकींत गुंतलेल्या आहेत. पहिलींत एअर्टन नांवाच्या अपराध्यास १८६५ सालीं निर्जन बेटावर सोडतात. तिसरींत तीच गोष्ट १८५५ ची होते. दुसरींत प्राध्यापक आरोना हा नेमोच्या पाणबुडींत नोव्हेंबर १८६७ पासून जून १८६८ पर्यंत असतो. तिसरींत ऑक्टोबर १८६८ मध्यें मरणोन्मुख नेमो म्हणतो कीं, त्या फ्रेंच गृहस्थास येऊन सोळा वर्षें झालीं! तारखा जुळत नाहींत, याची कबुली तळटीपेंत आहे. कारण पुढें कळेल, असें आश्वासनही आहे. तें नीट पाळलेलें मला तरी आढळलें नाहीं.

मग दुसरी कथा सोळा वर्षें मागें ढकलावी काय? तें शक्य नाहीं. तींत अटलांटिकच्या तळाशीं पसरलेली तारायंत्राची दोरी दिसते; ती कायमची कार्यक्षम झाली १८६६ सालीं. क्रीटच्या बंडाला नेमो सोनें पुरवितो, तें बंडही १८६६ चेंच. शिवाय डक्कार सत्तावनच्या युद्धांत लढला आणि पराभवानंतरच त्यानें पाणबुडी बांधली. ज्या धामधुमींत विष्णुभट गोडसे झांशींत अडकले, तिच्यांतूनच हा वीर निसटला असें मानावयाचें, तर १८५२ सालीं पाणबुडी आली कोठून? आणि जगाशीं संबंध तोडून तीस वर्षें झालीं, हें त्याचें दुसरें विधानही तितकेंच अशक्य.

बाह्य घटनांशीं बांधलेलीं वर्षें राखावीं, तोंडीं सांगितलेलीं सोडावीं, या न्यायानें ‘सोळा’ व ‘तीस’ हे आंकडे मीं खोडतों. तरीही गांठ सुटत नाहीं. बेटावरील अमेरिकन कैदी रिचमंडहून बलूननें पळाले मार्च १८६५ मध्यें; तेव्हांपासून एकाकी नेमो त्यांचा गुप्त पाठीराखा. मग १८६७ मध्यें आरोनासह सातही समुद्र फिरणारा नेमो कोण?

या घोटाळ्याचें मूळ मला पॅरिसच्या प्रकाशनगृहांत दिसतें. नेमो हा रशियाविरुद्ध उठलेला पोलिश सरदार असावा, असें व्हर्नच्या मनांत होतें. प्रकाशक एत्झेल यानें त्यास हरकत घेतली. म्हणून १८६९-७० च्या कथेंत नेमोला देशच उरला नाहीं. १८७४-७५ मध्यें त्यास हिंदुस्थान मिळाला, आणि त्याबरोबर १८५७ ही तारीख. पोलंडचा उठाव १८६३ चा, म्हणजे नेमोला आणखी अलीकडे ओढणारा. तेव्हां केवळ कालगणनेच्या दृष्टीनें आपलें सत्तावन व्हर्नला सोयीचेंच पडलें म्हणावें लागेल.

राहिला वयाचा प्रश्न. दहाव्या वर्षीं युरोपांत गेलेला डक्कार तिसाव्या वर्षापर्यंत शिकून १८४९ सालीं स्वदेशीं परतला, असें तिसरी कथा सांगते. म्हणजे मृत्युसमयीं तो एकोणपन्नास वर्षांचा होतो. व्हर्ननें मात्र त्याला लांब पांढरी दाढी देऊन वृद्ध करून ठेविलें आहे.