चित्रफितीतला ठावठिकाणा



कोणतेही चित्र पाहिले की माणूस दोन गोष्टी विचारतो. हे कोण, आणि हे कुठले? पहिल्याचे उत्तर पुष्कळदा चित्रच देते. दुसऱ्याचे उत्तर मात्र चित्राजवळ नसे. ते कोणीतरी बाजूला लिहून ठेवावे लागे. सावेदादा या नावाने ओळखले जाणारे हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर यांनी १८९९ साली मुंबईच्या हँगिंग गार्डनमध्ये एका कुस्तीचे चित्रीकरण केले. भारतीय माणसाच्या हातून झालेल्या अगदी पहिल्या चित्रीकरणांत त्याची गणना होते. ते कुठे झाले हे आपल्याला ठाऊक आहे, कारण लिहिणाऱ्यांनी ते लिहून ठेवले. आपल्या घरच्या ट्रंकेतील फोटोंचेही तेच आहे. मागच्या बाजूस आजोबांनी शाईने एक ओळ लिहिली असेल तर ते ठिकाण जिवंत. नसेल तर नुसता डोंगर आणि चार उभी माणसे.

कोर्टकचेऱ्यांनी याच अडचणीवर पंचनाम्याचा तोडगा काढला. अमुक जागी, अमुक वेळी, अमुक पंचांसमक्ष. जागा, वेळ आणि साक्षी या तीन खुंट्यांवर सारा कागद टांगलेला असतो. आज हेल्मेटवर किंवा गाडीच्या काचेवर बसवायचा, काड्यापेटीहून थोडा मोठा कॅमेरा हा पंचनामा स्वतःच लिहू लागला आहे. तोही चित्राच्या आत, बघणाऱ्याला दिसणार नाही अशा जागी. तो तेथे कसा पोहोचला, कसा वाचायचा, आणि तो वाचण्याचा अधिकार कोणाचा, हा आजचा विषय आहे.

जागेचा आकडा काढणे हे एके काळी केवढे कष्टाचे काम होते, ते आधी पाहू. १८०२ साली विल्यम लॅम्बटन या इंग्रज अधिकाऱ्याने मद्रासजवळ जमिनीवर एक आधाररेषा मोजून हिंदुस्थानच्या महान त्रिकोणमितीय सर्वेक्षणाला आरंभ केला. त्याचे कोन मोजण्याचे यंत्र सुमारे अर्ध्या टनाचे होते. ते माणसांनी खांद्यावर आणि दोरांनी डोंगरमाथ्यावर चढवायचे, दुसऱ्या टेकडीवर निशाण दिसेपर्यंत दिवसेंदिवस वाट पाहायची, आणि मग कोन टिपायचा. लॅम्बटन १८२३ च्या जानेवारीत आपल्या विदर्भातील हिंगणघाट येथे कामावर असतानाच वारला; त्याची कबर तेथेच आहे. पुढे जॉर्ज एव्हरेस्टने ते काम हिमालयाकडे नेले आणि जगातील सर्वांत उंच शिखराला त्याचे नाव मिळाले. यंत्र वाहणारे, झाडे तोडणारे, निशाण धरून उभे राहणारे खलाशी मात्र हिवतापाने मेले, त्यांची नावे कोणत्याही शिखराला नाहीत. मी कामगारांत वावरलेला मनुष्य, त्यामुळे इतिहास वाचताना माझी नजर आधी हमालांकडे जाते. श्रोत्यांनी हे समजून घ्यावे.

त्या अर्ध्या टनाच्या यंत्राचे काम आज नखाएवढी चकती करते. तिच्यामागे जी व्यवस्था आहे तिला जीपीएस म्हणतात. अमेरिकेच्या सैन्याने तिचा पहिला उपग्रह १९७८ साली सोडला. १ सप्टेंबर १९८३ रोजी दक्षिण कोरियाचे एक प्रवासी विमान वाट चुकून सोव्हिएत हद्दीत शिरले, ते पाडण्यात आले, आणि २६९ माणसे मेली. त्यानंतर अमेरिकेने ही व्यवस्था नागरी उपयोगासाठी खुली करण्याचे जाहीर केले. ती १९९५ मध्ये पूर्णत्वाला आली. तरीही सामान्य ग्राहकाला मिळणारा संकेत मुद्दाम बिघडवून दिला जाई, आणि जागा शंभर मीटरांपर्यंत चुके. हा बिघाड २००० सालच्या मे महिन्यात बंद झाला, आणि तेथून पुढे फोनमध्ये, मोटारीत, कॅमेऱ्यात सर्वत्र ही चकती शिरली. आपल्या देशाने २०१३ ते २०१६ या काळात नाविक या स्वतःच्या व्यवस्थेसाठी सात उपग्रह वर पाठवले.

तत्त्व सोपे आहे. उपग्रह आपली जागा आणि घड्याळातील वेळ सतत सांगत असतो. तो निरोप खाली यायला किती वेळ लागला यावरून अंतर निघते. तीन उपग्रहांच्या अंतरांवरून जागा, आणि चौथ्यावरून आपल्या स्वस्त घड्याळाची चूक. एक गोष्ट नीट ध्यानात ठेवावी. उपग्रहाला तुमचा पत्ता लागत नाही. तो आकाशवाणीसारखा फक्त बोलतो. ऐकणारे यंत्र आपल्यापाशी असते. आपली जागा पुढे कोणाला कळली, तर ती या यंत्राने किंवा त्याच्या मालकाने कळवली म्हणून.

आता कॅमेऱ्याकडे येऊ. स्थिर छायाचित्राच्या फाईलमध्ये अक्षांश-रेखांश लिहिण्याची रीत जपानी कंपन्यांनी गेल्या शतकाच्या शेवटच्या दशकातच ठरवली होती. चलच्चित्राचे तसे नव्हते. चित्र चालू असताना जागाही बदलत असते, म्हणून एक आकडा पुरत नाही. आकड्यांची धारच हवी. चित्रफितीची फाईल ही मालगाडीसारखी असते. एका रुळावर चित्राचे डबे, दुसऱ्यावर आवाजाचे, आणि कुठल्या क्षणी कोणता डबा उघडायचा याचे वेळापत्रक वेगळे. गोप्रो या अमेरिकन कंपनीने २०१६ च्या हीरो फाईव्ह या कॅमेऱ्यात जीपीएस घातले, आणि त्याची नोंद या गाडीत आणखी एका रुळावर ठेवली. चित्र दाखवणारा प्रोग्राम त्या रुळाकडे बघतही नाही. म्हणून घाटातली मोटारसायकल पाहणाऱ्याला घाट दिसतो, आकडे दिसत नाहीत.

त्या डब्यांत काय आहे? प्रत्येक नोंदीवर चार अक्षरांची चिठ्ठी, मग किती माल आहे त्याचा आकडा, मग माल. जागेच्या चिठ्ठीखाली सेकंदाला सुमारे अठरा वेळा पाच आकडे येतात: अक्षांश, रेखांश, उंची, जमिनीवरचा वेग, आणि चढउतार धरून वेग. अपूर्णांक टाळण्यासाठी अक्षांश-रेखांशाला एक कोटीने गुणून ठेवतात. आपले कोरेगाव ढोबळमानाने १७.७ उत्तर अक्षांशावर आणि ७४.१७ पूर्व रेखांशावर आहे. फाईलमध्ये ते १७७०००००० आणि ७४१७००००० असे दिसेल. शेजारच्या चिठ्ठीत भागायचा आकडा दिलेला असतो. तो न बघता वाचणारा माणूस कोरेगाव पृथ्वीबाहेर नेऊन ठेवील.

हा आकडा फसवाही आहे. अक्षांशाच्या कोटीव्या भागाचे जमिनीवर अंतर जेमतेम एक सेंटिमीटर होते. म्हणून काही लोकांना वाटते की कॅमेऱ्याला सेंटिमीटर कळतो. तसे नाही. मोकळ्या आकाशाखालीही असे यंत्र काही मीटर इकडेतिकडे होते. रुपया-पैशांत हिशेब लिहिला म्हणून तराजू खरा ठरत नाही, तसेच हे. कॅमेरा आपली शंकाही लिहून ठेवतो, ही त्यातली प्रामाणिक गोष्ट. उपग्रहांशी बांधणी झाली की नाही, आणि झाली तर किती विश्वासाची, यांसाठी दोन वेगळ्या चिठ्ठ्या असतात. कॅमेरा नुकताच सुरू केलेला असताना, किंवा खंबाटकीच्या बोगद्यात, त्या चिठ्ठ्या न वाचता पुढच्या आकड्यांवर भरवसा ठेवू नये. उंचीचेही तसेच. जुने कॅमेरे ती समुद्रसपाटीपासून नव्हे, तर पृथ्वीच्या एका काल्पनिक गुळगुळीत गोलापासून मोजतात, आणि आपल्या भागात या दोन्हींत पन्नासाहून अधिक मीटरांचा फरक पडतो.

आकडे बाहेर काढायला आता मोठी विद्या लागत नाही. नोंद कशी वाचायची ते गोप्रो कंपनीने स्वतःच उघड केले. फिल हार्वे या कॅनडातील गृहस्थांनी २००३ पासून एक्झिफटूल नावाचा प्रोग्राम तयार करून सर्वांना फुकट ठेवला आहे; तो अनेक कंपन्यांच्या चित्रफितींतली जागा वाचतो. त्याला मूळ फाईल दाखवायची, आतल्या रुळावरच्या नोंदीही काढ असे सांगायचे, की वेळ आणि जागा यांची लांबलचक यादी मिळते. ती यादी जीपीएक्स या प्रकारात घेतली की कुठल्याही नकाशावर तिची रेघ उमटते. सगळे कॅमेरे मात्र सारखे नाहीत. याच कंपनीच्या २०२३ च्या हीरो बारामध्ये जीपीएसच नव्हते. २०२४ च्या हीरो तेरामध्ये ते परत आले. जे लिहिलेच नाही ते कोणताही प्रोग्राम काढून देणार नाही.

हे सारे मी हौसेने शिकलो नाही. आमच्याकडे मालगाडीच्या एका चालकाचे प्रकरण आले होते. चार तास गाडी आडरस्त्याला उभी केली, असा ठपका ठेवून मालकाने त्याचा पगार कापला. गाडीतील मालकाच्या यंत्राची नोंद मागितली, तर ती खासगी आहे असे उत्तर मिळाले. चालकाने काचेवर स्वतःचा छोटा कॅमेरा बसवला होता. त्याने फीत फोनवरून पाठवली. तीत चित्र होते, जागेचा रूळ नव्हता. निरोपाचे प्रोग्राम फाईल लहान करताना तो गाळून टाकतात. कार्डावरची मूळ फाईल आणवली, तेव्हा आकडे सापडले. दोन तास दहा मिनिटे वेग जवळजवळ शून्य, आणि जागेचे ठिपके दाणे टिपणाऱ्या चिमण्यांसारखे एकाच अंगणात नाचत होते. उभ्या गाडीचे ठिपके असेच नाचतात. ते अंगण म्हणजे माल उतरवण्याच्या फाटकापुढची रांग होती. मालकाचा कारकून वेळ पाहून हसला. यादीत पहाटेचे ४ वाजून ४० मिनिटे झाले होते आणि गाडी तर सहाला निघाली होती. जीपीएसचे घड्याळ ग्रिनिचच्या हिशेबाने चालते, त्यात साडेपाच तास मिळवा, असे सांगितल्यावर सकाळचे १० वाजून १० मिनिटे झाले आणि हसणे थांबले. उरलेल्या वेळी कॅमेरा बंद होता, त्याबद्दल आम्हाला काहीच म्हणता आले नाही. कापलेल्या पगारापैकी अर्ध्याहून थोडा अधिक परत मिळाला.

असा पुरावा कोर्टात कसा टिकतो, याचा निवाडा महाराष्ट्रातल्याच एका खटल्यात झाला आहे. २०१४ च्या निवडणुकीत जालन्यातून अर्जुन खोतकर २९६ मतांनी निवडून आले. त्यांचा अर्ज २७ सप्टेंबरला दुपारी तीनच्या आत दाखल झाला की नंतर, असा वाद कैलास गोरंट्याल यांनी उभा केला. निवडणूक अधिकाऱ्याच्या कचेरीतले कॅमेरे चालू होते. उच्च न्यायालयाने २०१७ मध्ये निवडणूक रद्द ठरवली, आणि १४ जुलै २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने कायद्याचा मुद्दा निकाली काढला. मूळ यंत्रच त्याच्या मालकाने कोर्टात आणले तर प्रश्न नाही. नक्कल आणली तर तिच्यासोबत कायद्याने सांगितलेले प्रमाणपत्र हवेच. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमात ते प्रमाणपत्र कायम आहे, आणि फाईलचा अंगठा म्हणता येईल असा हॅश नावाचा आकडाही त्यात लिहावा लागतो. फाईलमध्ये एक अक्षर बदलले तरी हा अंगठा जुळत नाही.

आता अधिकाराचे बोलू. १९६५ साली आपल्या शेजारच्या तासगाव तालुक्यात वि. स. पागे यांच्या कल्पनेतून कामाच्या हमीचा प्रयोग झाला. त्यातून १९७७ चा महाराष्ट्राचा रोजगार हमी कायदा आला. त्या कामांवर हजेरीपट असे. मुकादम त्यात लबाडी करी, हे खरे. पण तो कागद होता, आणि वाचता येणाऱ्या मजुराला त्यावर बोट ठेवून भांडता येई. केंद्राच्या रोजगार हमीत १ जानेवारी २०२३ पासून दिवसातून दोनदा जागेची नोंद असलेला फोटो काढून हजेरी लावण्याची सक्ती झाली. रेंज नसलेल्या माळावर फोटो चढला नाही की दिवस बुडे. नागपूरसारख्या महापालिकांनी सफाई कामगारांच्या मनगटावर जीपीएसची घड्याळे बांधली. ठिकाणाची नोंद झाली ती मजुराच्या देहाची, पण मजुराच्या हाती तिची प्रत नाही.

संसदेने २०२३ मध्ये वैयक्तिक माहितीच्या रक्षणाचा कायदा केला. त्याचे नियम २०२५ च्या नोव्हेंबरात निघाले आणि ते टप्प्याटप्प्याने लागू व्हायचे ठरले. त्यातील दोन कलमे शेजारी शेजारी ठेवून वाचावीत. सातवे कलम म्हणते की नोकरीच्या कारणासाठी मालकाला कामगाराची माहिती संमतीवाचून वापरता येईल. अकरावे कलम आपली माहिती मागण्याचा हक्क देते, पण ज्याला आपण संमती दिली आहे त्याच्याकडेच. म्हणजे संमती न विचारता ज्याने नोंद घेतली, त्याच्याकडे ती मागण्याची वाटच या कलमात नाही. संघटनांनी करारात एक ओळ घालून घ्यावी, असे माझे मत आहे: कामगाराच्या जागेची जी नोंद त्याच्याविरुद्ध वापरली जाईल, तिची मूळ प्रत त्याला सात दिवसांत मिळावी.

तोवर ज्याच्याजवळ स्वतःचा कॅमेरा आहे त्याने कार्डावरची फाईल जशीच्या तशी दुसऱ्या जागी उतरवून ठेवावी, तिचा अंगठा लिहून ठेवावा, आणि कापाकापी करायची ती नकलेवरच करावी. फीत चारचौघांत दाखवायची असेल तर उलट सावधगिरी हवी. घरातून निघताना सुरू केलेल्या कॅमेऱ्यात घराचे दार सेकंदाला अठरा वेळा लिहिलेले असते. फक्त चित्र आणि आवाज हे दोन रूळ नव्या फाईलमध्ये उतरवून घेतले, की जागेचा रूळ मागे राहतो. एफएफएमपेग नावाचा फुकट प्रोग्राम हे काम घटकेत करतो.