१९ एप्रिल २००१ : औषधाच्या हक्काचा विजय

स्वस्त औषधांची वाट मोकळी करणाऱ्या १९९७ च्या कायद्याविरुद्ध ३९ औषध कंपन्यांनी दक्षिण आफ्रिकेच्या सरकारवर भरलेला खटला या दिवशी प्रिटोरियाच्या न्यायालयात मागे घेतला. एचआयव्हीबाधितांच्या औषधांसाठी लढणाऱ्या ‘ट्रीटमेंट ॲक्शन कॅम्पेन’ या संघटनेचे कार्यकर्ते छातीवर ‘एचआयव्ही पॉझिटिव्ह’ अशी ठळक अक्षरे मिरवणारे टी-शर्ट घालून रस्त्यावर उतरले होते. तिच्या संस्थापकांपैकी एक, झॅकी अखमत, स्वतः एचआयव्हीबाधित. सरकारी दवाखान्यात सर्वांना औषध मिळेपर्यंत आपणही घेणार नाही, हा त्यांचा निर्धार होता. त्याच वर्षी फेब्रुवारीत मुंबईच्या सिप्ला या औषध कंपनीने वर्षाला १०,००० डॉलरहून महाग असलेले एचआयव्हीवरील तीन औषधांचे उपचार ‘डॉक्टर्स विदाऊट बॉर्डर्स’ या वैद्यकीय मदत संस्थेला ३५० डॉलरमध्ये देऊ केले होते. औषध असूनही केवळ परवडत नाही म्हणून कोणाचा जीव जाता कामा नये, हे या लढ्याने जगाला बजावले.