अपुऱ्या दिवसांच्या बाळाचे दूध आणि मेदाम्ले

गरोदरपणाच्या शेवटच्या तीन महिन्यांत गर्भाचा मेंदू आणि दृष्टिपटल यांची वाढ झपाट्याने होते. त्यासाठी लागणारी दोन मेदाम्ले वारेमार्फत आईकडून गर्भाला मिळत असतात : ओमेगा-३ गटातील डीएचए आणि ओमेगा-६ गटातील एआरए. ३७ आठवडे पूर्ण होण्यापूर्वी जन्मलेल्या बाळाचा हा पुरवठा मध्येच खंडित होतो.

जवस, करडई अशा वनस्पतींच्या तेलांतील मूळ मेदाम्लांपासून शरीर ही दोन्ही घडवू शकते. परंतु अपुऱ्या दिवसांच्या बाळाची ही क्षमता गरजेच्या मानाने तोकडी असते. आईच्या दुधात मात्र दोन्ही तयार स्वरूपात असतात. नियमित मासे खाणाऱ्या स्त्रियांच्या दुधात डीएचए अधिक आढळते.

पूर्वीच्या दूध पावडरीत केवळ वनस्पती तेले असल्याने ही मेदाम्ले नसत. आरंभीच्या प्रयोगांत माशाचे तेल मिसळले गेले. तेव्हा काही बाळांच्या शरीरातील एआरए घटले आणि वाढ मंदावली. त्यामुळे सूक्ष्म शैवालापासून डीएचए व बुरशीपासून एआरए मिळवून दोन्ही एकत्र घालण्याची पद्धत रूढ झाली.

याचा लाभ किती, याचे उत्तर सरसकट नाही. कॉक्रेन संस्थेने २०१६ मध्ये १७ चाचण्यांतील २,२६० अकाली जन्मलेल्या बाळांचा आढावा घेतला. अशा पावडरीने दीर्घकालीन लाभ किंवा हानी होते, असे त्यात स्पष्ट दिसले नाही. मात्र त्यातील बहुतेक बाळे तुलनेने मोठ्या दिवसांची व सुदृढ होती.

अतिशय लवकर जन्मलेल्या बाळांवरील चाचण्यांत डीएचए पावडरीतून नव्हे, तर स्वतंत्रपणे दिले गेले. २९ आठवड्यांपूर्वी जन्मलेल्या बाळांना दर किलो वजनामागे रोज ६० मिलिग्रॅम डीएचए दिले असता पाचव्या वर्षी त्यांचा बुद्ध्यंक सरासरी साडेतीन गुणांनी अधिक भरला. त्याच चाचणीत फुप्फुसाच्या दीर्घकालीन विकाराचे प्रमाण मात्र घटले नाही, उलट किंचित अधिक आढळले. स्वीडनमधील चाचणीत २८ आठवड्यांपूर्वी जन्मलेल्या बाळांना दोन्ही मेदाम्ले एकत्र दिल्यावर दृष्टिपटलाच्या गंभीर आजाराचे प्रमाण निम्म्यावर आले.

म्हणजेच बाळ किती आठवड्यांचे, मात्रा किती आणि दोन मेदाम्लांचे परस्पर प्रमाण कोणते, यांवर परिणाम ठरतो. डब्यावरील ‘डीएचएयुक्त’ या शब्दावरून तो ठरत नाही. भारतात १९९२ च्या कायद्याने शिशुदुग्ध पर्यायांच्या जाहिरातीस बंदी आहे.

अशा बाळासाठी आईचे दूध हा पहिला पर्याय, ते अपुरे पडल्यास दुग्धपेढीतील दूध हा दुसरा. आशियातील पहिली दुग्धपेढी मुंबईच्या शीव रुग्णालयात १९८९ मध्ये सुरू झाली. त्यानंतर पावडरीचा विचार होतो. मेदाम्लांचे थेंब पालकांनी परस्पर देऊ नयेत. मात्रा नवजात शिशुतज्ज्ञांनीच ठरवावी.